पंचाची शिट्टी आणि प्रशिक्षकाचा संताप

अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे १८९१ साली जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉल हा खेळ सुरू केला. त्यांच्या मूळ १३ नियमांत दोन पंचांची कामे ठरवून दिलेली होती : एकाने खेळाडूंच्या वर्तनावर लक्ष ठेवायचे, दुसऱ्याने चेंडूवर. प्रशिक्षकाचा उल्लेख त्यांत कोठेच नव्हता. पुढे संघांना प्रशिक्षक लाभले आणि त्यांचा आवाज मैदानावर घुमू लागला. अमेरिकी महाविद्यालयीन खेळात १९१०च्या सुमारास सामना चालू असताना मार्गदर्शन करण्यास मनाई झाली. ‘टाइम-आउट’मध्ये खेळाडूंशी बोलण्याची मुभा मिळण्यास १९४८-४९चा हंगाम उजाडावा लागला. आजचा प्रशिक्षक मात्र सीमारेषेलगत उभा राहून सूचना देतो, ओरडतो, हातवारे करतो. हे सारे खेळाचा भाग मानले जाते. ते अपमानाकडे केव्हा झुकले, हे ओळखण्याची जबाबदारी पंचावर येते.

जबलपूरसारख्या शहरात हे काम अधिकच नाजूक होते. सामना राणी दुर्गावती विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांचा असो वा शाळांचा, या खेळातील माणसे बहुधा एकमेकांना ओळखतात. ज्यांनी चेंडू टप्पे देत पुढे न्यायला शिकवले, तेच ‘सर’ कधी तरुण पंचासमोर प्रशिक्षक म्हणून उभे ठाकतात. ज्यांच्या पाया पडायचे, त्यांनाच शिक्षा द्यायची, हे मनाला जड जाते. पण प्रतिस्पर्धी संघातील मुलांचे त्या सरांशी कोणतेच नाते नसते, आणि न्याय त्यांनाही हवा असतो.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पंचाचा अधिकार सामन्याच्या २० मिनिटे आधी, तो मैदानावर येताच सुरू होतो. त्या वेळी दोन्ही प्रशिक्षकांना सारख्याच शब्दांत नमस्कार करावा. एकाशी हास्यविनोद आणि दुसऱ्याशी औपचारिकता, एवढ्यानेही संशयाचे बीज पडते.

“फाउल कोणाचा?” ही शंका आहे, खेळ थांबलेला असताना तिचे उत्तर एका वाक्यात द्यावे. “आज तुम्हाला काही दिसतच नाही,” हा केवळ त्रागा. त्याला उत्तर नको. तो वारंवार होऊ लागला, तर शांतपणे ताकीद द्यावी. मात्र पंचाच्या हेतूवर आरोप, अपशब्द किंवा प्रेक्षकांना चिथावणारे हावभाव झाल्यास टेक्निकल फाउल द्यावा. त्याबद्दल प्रतिपक्षाला एक फ्री थ्रो मिळतो. स्वतःच्या गैरवर्तनाचे असे दोन फाउल होताच प्रशिक्षकाला ड्रेसिंग रूममध्ये किंवा इमारतीबाहेर जावे लागते.

येथे नवखे पंच हमखास चुकतात. तीन सत्रे मुकाट्याने ऐकून घेतात आणि अखेरच्या मिनिटाला, बरोबरीच्या गुणांवर, संतापून शिट्टी वाजवतात. बोलला प्रशिक्षक, गुण गमावला तो तासभर घाम गाळणाऱ्या खेळाडूंनी. हाच फाउल पहिल्या सत्रात दिला असता, तर त्याची किंमत भरून काढण्यास त्यांना वेळ मिळाला असता.

फाउलची खूण केल्यावर पंचाने प्रशिक्षकाकडे न जाता गुणलेखकाच्या टेबलाकडे वळावे. समजूत घालायची असल्यास सहकारी पंचाने घालावी. प्रशिक्षकाला बाहेर काढावे लागले, तर आयोजकांना अहवाल द्यावा लागतो. त्यात उच्चारलेले शब्द, घडलेली कृती आणि घड्याळातील वेळ नोंदवावी. ‘उर्मट’ हे विशेषण त्यात नसावे. वर्तन कसे होते, हे आयोजक ठरवतील.