नावानिशी छापणारा डॉक्टर : थॉमस वेकली

रक्तातली साखर तपासताना बोटाला टोचतात त्या बारीक सुईला आम्ही परिचारिका लॅन्सेट म्हणतो. पूर्वी लॅन्सेट म्हणजे गळू फोडून पू काढायचे लहान, धारदार पाते. हेच नाव देऊन १८२३ साली लंडनमध्ये थॉमस वेकली या शल्यवैद्याने साप्ताहिक काढले. ते आजही निघते.

वेकली १७९५ मध्ये एका शेतकऱ्याच्या घरी जन्मले. त्या काळी लंडनच्या इस्पितळांत शल्यवैद्यांच्या जागा नात्यागोत्यात वाटल्या जात. भोगायचे गरीब रोग्याने. वेकलींनी बिघडलेल्या शस्त्रक्रियांची हकीकत नावानिशी छापली. एका शल्यवैद्याने २००० पौंडांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. १८२८ मध्ये निकाल लागला : भरपाई फक्त १०० पौंड. खर्चासाठी लोकांनी वर्गणी काढली.

पण कायदा बदलायचा तर संसदेत जायला हवे. १८३५ ते १८५२ ते फिन्सबरीचे खासदार होते. टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना संघटना बांधली म्हणून ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर धाडले होते. त्यांच्या माफीसाठी वेकली संसदेत झगडले. १८३६ मध्ये माफी मिळाली.

१८३९ पासून ते कॉरोनरही झाले. संशयास्पद मृत्यूचे कारण शोधणारा अधिकारी म्हणजे कॉरोनर. १८४६ मध्ये फ्रेडरिक व्हाइट या शिपायाला १५० फटके मारले. महिन्याच्या आत तो मेला. लष्करी डॉक्टर म्हणाले, मृत्यूचा फटक्यांशी संबंध नाही. वेकलींनी बाहेरच्या शल्यवैद्याकडून पुन्हा तपासणी करवली. फटक्यांनीच मृत्यू झाला, असा पंचांनी निर्णय दिला. त्याच वर्षी फटक्यांची मर्यादा ५० वर आली. १८८१ मध्ये लष्करातली ही शिक्षाच बंद झाली.

१८५१ पासून डॉ. आर्थर हॅसल यांनी लॅन्सेटसाठी दुकानांतले अन्न सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. पावात तुरटी, मिठाईत शिशाचा पिवळा रंग, लाल तिखटात शेंदूर सापडला. शेंदूर म्हणजेही शिसेच. ते शरीरात साठते आणि मुलांच्या मेंदूला इजा करते. भेसळ करणाऱ्यांची नावे-पत्ते छापले गेले. १८६० मध्ये इंग्लंडमध्ये भेसळीविरुद्ध पहिला सर्वसाधारण कायदा झाला. दोन वर्षांनी वेकली वारले.

यातून आपण काय घ्यायचे? घरात मृत्यू झाला तर कागदावर कोणते कारण लिहिले ते विचारा, वाचून घ्या. तिखट, हळद, मिठाईचा रंग फार भडक दिसला तर घेऊ नका. पावती जपा, लेखी तक्रार करा. तक्रारीत दुकानाचे नाव, वस्तू आणि तारीख लिहायला विसरू नका.