जुने साधन, नवे वेष्टन

दूरच्या संगणकापुढे प्रत्यक्ष न बसता त्यास आज्ञा देणे, यास दूरप्रवेश म्हणतात. महाळुंगे-चाकण पट्ट्यासारख्या कारखान्यांच्या मुलखात या विद्येचे अगत्य सांगावयास नको. तिच्या टेलनेट नामक एका वृद्ध साधनाचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

टेलनेटचा आरंभ १९६९ साली अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्यावर झाला. १९८३ साली त्याचे नियम स्थिररूपाने लिहिले गेले. त्यात एक मोठे वैगुण्य आहे. पोस्टकार्डावरील मजकूर वाटेत कोणासही वाचता यावा, तसा त्यातून परवलीचा शब्दही उघडा जातो. आरंभी जाळ्यावर मोजक्या संस्थांतील परिचित मंडळीच असत, म्हणून हे चालून गेले. पुढे १९९५ साली हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात परवलीचे शब्द चोरले गेले, तेव्हा तेथील तातू युलोनेन यांनी एसएसएच हे साधन रचले. ते मोहोरबंद लिफाफ्याप्रमाणे होय. त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी विदेश संचार निगमने आपल्या देशात सामान्य जनांस इंटरनेट खुले केले.

मग टेलनेट टाकूनच का देऊ नये, असे कोणी विद्यार्थी विचारील. परंतु कारखान्यातील यंत्र वीस-वीस वर्षे राबते, आणि अशा कित्येक जुन्या यंत्रांचे नियंत्रक एवढी एकच भाषा जाणतात. ती बोलणारे साधन नाहीसे झाले, तर धडधाकट यंत्र मुके होईल. उलट, ते साधन गरजूने वाटेल तेथून आणावे, तर त्याबरोबर चोरही घरात शिरावयाचा. यास्तव वेष्टनकाराचे काम महत्त्वाचे ठरते.

१९९३ साली आरंभ झालेली डेबियन ही मुक्तस्रोत कार्यप्रणाली घ्या. आपल्या सी-डॅकची 'बॉस' प्रणाली हिच्याच पायावर उभी आहे. हीत प्रत्येक साधन वेष्टनात बांधून येते. वैद्य पुडीवर औषधाचे नाव, मात्रा व पथ्य लिहितो, तद्वत वेष्टनकार साधनाचे नाव, आवृत्ती, परवाना आणि त्यास लागणारी इतर साधने यांची नोंद करतो. मूळ लेखनातील दोष दुरुस्त करून प्रत्येक फेरफार तारखेसह टिपतो. शेवटी अंकमुद्रा उमटते. वाटेत एक अक्षर बदलले तरी ती जुळत नाही.

जुन्या साधनास आणखी एक पथ्य लागते. टेलनेटचे दोन भाग आहेत: एक दार ठोठावणारा, दुसरा दार उघडणारा. खरा धोका दुसऱ्यापासून अधिक, म्हणून डेबियनमध्ये दोहोंची वेष्टने निराळी असतात. फ्रीबीएसडी प्रणालीने नोव्हेंबर २०२३ मधील चौदाव्या आवृत्तीत दार उघडणारा भाग मूळ संचातून काढला. मात्र ज्यास खरोखर गरज असेल त्याच्यासाठी तो स्वतंत्र वेष्टनात राखून ठेवला. अर्थात तो मागितल्यावाचून मिळत नाही, आणि मागणारास आपण काय मागतो हे ठाऊक असते. असे साधन घेणाराने ते कारखान्याच्या बंदिस्त जाळ्यातच वापरावे. बाहेरून यावयाचे तर प्रथम एसएसएचच्या दारानेच आत यावे.

हे काम करणारे बहुतेक स्वयंसेवक असतात. आपण ज्यास कधी पाहणार नाही, अशा मनुष्याचे यंत्र चालू राहावे व त्याचे घरही सुरक्षित राहावे, म्हणून ते खपतात. विद्यार्थिमित्रांनो, संगणकविद्या शिकताना नवे रचण्याची हौस अवश्य धरा. पण जुने नीट बांधून, त्यावर खरी चिठी लावून पुढे देणे, हीही विद्याच आहे, हे विसरू नका.