ओल्या भिंतीला रंग नको

मल्लेश्वरम, बेंगळुरू
१६ सप्टेंबर २०२२

चि. निखिल,

काल यमलूरला तुझ्या फ्लॅटवर जाऊन आलो. गेल्या आठवड्यात तिथल्या पुरातून भल्यामोठ्या पगाराची मंडळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून बाहेर पडली, ते तू टीव्हीवर पाहिलंसच. आता रस्ते कोरडे आहेत. तुझ्या तळमजल्यावरच्या भिंतींवर मात्र माझ्या मांडीइतकी उंच तपकिरी रेघ आहे आणि ओट्याखालचं प्लायवुड फुगून फाटलंय.

रंग मारून दिवाळीच्या आत फ्लॅट विकून टाकायचा, असं तू म्हणालास. बांधकामात आयुष्य गेलं म्हणून सांगतो, तेवढं करू नकोस. वीट पाणी पटकन पिते आणि सावकाश सोडते. वरून रंगाचा थर दिलास की ओल आतच कोंडते, मग पापुद्रे सुटतात, लोणा लागतो आणि सगळं पुन्हा खरवडावं लागतं. शिवाय नेहमीच्या पाहणीत दिसणार नाही असा, आपल्याला ठाऊक असलेला मोठा दोष विकणाऱ्याने घेणाऱ्याला सांगितलाच पाहिजे, असं १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ५५वं कलम म्हणतं. रेघ पुसलीस तरी ती तुला ठाऊक आहेच ना!

तुझ्या भाडेकरूंना अजून फोन केला नाहीस, हे मला आवडलं नाही. ती दोघं मित्राकडे राहताहेत. तुझं प्लायवुड गेलं, त्यांचा संसार भिजला. तुझी विमा पॉलिसी त्यांच्या सामानाला लागू होत नाही. घर राहण्याजोगं होईपर्यंत भाडं मागू नकोस. दहा महिन्यांचं डिपॉझिट तुझ्याकडे आहे. त्यांना सोडून जायचं असेल तर ते विनातक्रार परत दे, पुराचा खर्च त्यातून कापायचा नाही.

पॉलिसी काढून नीट वाच. ‘भारत गृह रक्षा’ असेल तर त्यात पूर आहे, बुडालेलं भाडंही आहे. पण विमा बांधकामाच्या खर्चाचा असतो, फ्लॅटच्या बाजारभावाचा नव्हे, तेव्हा मोठे आकडे मनात धरू नकोस. कंपनीला आजच कळव. सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत ते प्लायवुड फेकायचं नाही. रेघेला टेप लावून मी फोटो काढलेत, ते पाठवतो. मेन स्विच बंद आहे, वायरमनने तपासल्याशिवाय कुणी चालू करायचा नाही. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत गटाराचं पाणी शिरलंय, ती सोसायटीने उपसून धुवायला हवी.

आता मुख्य गोष्ट. या गावात एका तळ्याचं जादा पाणी राजकालुव्यांतून, म्हणजे पावसाच्या पाण्याच्या मोठ्या नाल्यांतून, खालच्या तळ्यात जायचं. तुमच्या बाजूचं बेळ्ळंदूर तळ्याकडे उतरतं. वाटेत आपण घरं बांधली. सोमवारपासून महादेवपुरा भागात पालिकेचे जेसीबी अशीच बांधकामं पाडताहेत. ‘दिशांक’ ॲपवर तुझा सर्व्हे नंबर टाक आणि कालुवा किती जवळून जातो ते बघ. हे खरं तर घेण्याआधी बघायचं. मीही तेव्हा फक्त लिफ्ट बघितली होती, तो दोष माझा. कालुवा अगदी लगतच निघाला तर वकिलाला दाखवल्याशिवाय विकण्याचं बोलू नकोस, दुरुस्तीवरही मोठा खर्च करू नकोस.

किल्ली माझ्याकडे आहे. वॉचमनला सांगून सगळ्या खिडक्या उघड्या ठेवून आलोय.

तुझा,
अण्णामामा