प्रतीक्षायादीचें पत्र आलें असतां

परदेशीं शिकावयास जाऊं इच्छिणाऱ्या मुलामुलींस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडावा म्हणून हा पाठ दिला आहे.

अमेरिकेंतील पुष्कळ कॉलेजें मार्चच्या अखेरीच्या सुमारास अर्जदारांस निकाल कळवितात. कोणास प्रवेश मिळतो, कोणास नकार येतो, आणि कांहींस तिसरेंच उत्तर येतें: आपलें नांव प्रतीक्षायादींत ठेवावें काय? हें पत्र हातीं पडतांच घरांत दोन तट पडतात. आई म्हणते, पोरीची निवड झाली. बाप म्हणतो, हा गोड शब्दांतला नकार. दोघांचीही समजूत चुकीची आहे.

१. यादी कां ठेवितात? वसतिगृहांतील खोल्या व शिक्षक मोजके असतात. ज्यांस प्रवेश देतात ते सर्वच येत नाहींत. म्हणून कॉलेज जागांहून अधिकांस बोलाविते. अंदाज चुकून जागा उरल्या, तर त्या या यादींतून भरितात. अंदाज बरोबर ठरला, तर यादींतील एकासही बोलावणें येत नाहीं. बहुतेक ठिकाणीं यादीस क्रमांक नसतात, तेव्हां "माझा नंबर कितवा?" असें विचारण्यांत अर्थ नाहीं.

२. उत्तर अवश्य द्यावें. यादींत राहावयाचें असल्यास तसें मुदतींत कळवावें लागतें. मौनास संमति समजत नाहींत. जावयाचें नसल्यास तेंही कळवावें. त्यानें दुसऱ्या कोणाची वाट मोकळी होते.

३. हातची जागा सोडूं नये. मिळालेला प्रवेश स्वीकारून अनामत भरण्याची मुदत सामान्यतः १ मे ही असते. (२०२० सालीं साथीमुळें पुष्कळ कॉलेजांनीं ती १ जूनपर्यंत वाढविली होती.) त्या मुदतीआंत एका कॉलेजांत जागा पक्की करावी, आणि एकाच कॉलेजांत. दोन ठिकाणीं अनामत भरणें म्हणजे दुसऱ्याची जागा अडवून ठेवणें होय. मात्र पुढें प्रतीक्षायादींतून बोलावणें आलें, तर पहिल्या कॉलेजास ताबडतोब लिहून जागा सोडण्यांत अप्रामाणिकपणा नाहीं. भरलेली अनामत बहुधा परत मिळत नाहीं, हें आधींच धरून चालावें.

४. एक पत्र लिहावें. तें एका पानाचें असावें. अर्जानंतर मिळालेले गुण, केलेलें नवें काम, आणि हेंच कॉलेज कां हवें, एवढेंच त्यांत यावें. "बोलावल्यास खात्रीनें येईन" हें खरें असेल तरच लिहावें. जीं कॉलेजें अधिक कागद पाठवूं नका असें सांगतात, त्यांचें ऐकावें. थोरामोठ्यांच्या शिफारशी व रोजचे फोन यांनीं काम बिघडतें.

५. खर्च आधीं मोजावा. यादींतून प्रवेश मिळेपर्यंत शिष्यवृत्तीचा पैसा वांटून संपलेला असूं शकतो. म्हणून आर्थिक साहाय्य मिळेल काय, हें कॉलेजास स्पष्ट विचारावें. बोलावणें मे, जून किंवा त्याहूनही उशिरां येतें, आणि उत्तरास कित्येकदां थोडेच दिवस मिळतात. आपल्याकडील विद्यार्थ्यास त्या कॉलेजाकडून आय-२० हा कागद मिळवावा लागतो व व्हिसाचें कामही उरतें. शेत गहाण ठेवावयाचें कीं नाहीं, हा विचार त्या चार दिवसांच्या घाईंत होत नसतो. किती खर्च झेपेल, तो आंकडा आजच घरांत बसून ठरवावा.

६. आशा किती धरावी? पुष्कळ कॉलेजें दरवर्षीं "कॉमन डेटा सेट" नांवाचें पत्रक प्रसिद्ध करितात. त्याच्या "सी २" या कलमांत किती जणांस यादींत जागा देऊं केली, किती जण राहिले व किती जणांस प्रवेश मिळाला, हे आंकडे असतात. तीन-चार वर्षांचे आंकडे ताडून पाहावे. एका वर्षावरून अनुमान करूं नये.

शेवटीं एवढेंच सांगणें आहे. समजा, एका मुलीनें जागा पक्की केली, परंतु सारा उन्हाळा दुसऱ्या दाराकडे डोळे लावून काढला. तिला जें कॉलेज आनंदानें बोलावीत आहे, त्याची ओळख करून घेण्यास तिच्यापाशीं मनच उरणार नाहीं. पत्र एकदां नीट लिहून पाठवावें, आणि मग जें हातीं आहे त्याच्या तयारीस लागावें.

घरीं विचार करण्यासाठीं प्रश्न

(१) यादींत नांव असूनही १ मेपूर्वीं दुसरीकडे अनामत कां भरावी?
(२) दोन ठिकाणीं अनामत भरल्यानें कोणाचें नुकसान होतें?
(३) बोलावणें आल्यास आपल्या घरास किती खर्च झेपेल?