खोकलं की लघवी सुटते, हे बोलायलाच हवं

मी तिसगावची. दुसऱ्या बाळंतपणानंतर खोकलं, शिंकलं, भरला हंडा उचलला की माझी लघवी सुटायची. मढीच्या यात्रेला जाणंही नको वाटे. उपचार घेताना जे कळलं, ते गावातल्या बायांसाठी लिहिते.

१. हा वयाचा किंवा नशिबाचा भोग नाही. मूत्राशयाला खालून आधार देणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि तिथल्या नसा बाळंतपणात ताणल्या जातात. कळा लांबल्या, बाळ वजनदार असलं, चिमटा लावावा लागला, तर इजा वाढते. सिझर झालेल्यांनाही हा त्रास होतो, कारण नऊ महिन्यांचा भार त्याच स्नायूंनी पेललेला असतो.

२. पाणी तोडू नका. लघवी घट्ट झाली की मूत्राशयाची आग होते; शिवाय पाणी कमी पडलं की शौच कडक होऊन कुंथावं लागतं आणि तो जोर पुन्हा त्याच स्नायूंवर येतो.

३. व्यायामानं गुण येतो. अमेरिकेतले डॉ. अरनॉल्ड केगल यांनी १९४८ मध्ये तो मांडला. लघवी आणि वारा एकदम रोखल्यासारखे आतले स्नायू वर ओढायचे, पाच ते दहा सेकंद धरायचे, तेवढाच वेळ सैल सोडायचे. श्वास चालू ठेवायचा, पोट-मांड्या आवळायच्या नाहीत. एका वेळी आठ-दहा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. भाकरी थापताना करा, शेजारणीलाही कळणार नाही. खोकला येतोय असं वाटलं की आधीच आवळून धरा.

४. गर्भपिशवी काढणं हा यावरचा इलाज नव्हे. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या पिशव्या इतक्या काढल्या गेल्या की २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. आपल्या पाथर्डी तालुक्यातूनही बाया कोयता घेऊन जातात, ओल्या बाळंतपणात उसाच्या मोळ्या डोक्यावर घेतात. त्यांना आधी विश्रांती हवी, आणि ते मुकादमाला ठणकावून सांगायला घरचा माणूस हवा.

५. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत बायांची तपासणी केली. शंभरात ९२ जणींना स्त्रीरोग होता, आधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८. हे १९८९ मध्ये छापून आलं. आपल्याकडेही बाया अजून अंगावरच काढतात.

६. लघवीत रक्त, जळजळ, अंग बाहेर येणं, रात्रंदिवस गळणं, यांपैकी काहीही असलं तर व्यायामावर थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा.

आशाताई, बेचाळिसाव्या दिवशी बाळाला बघायला याल, तेव्हा आईलाही विचारा: खोकल्यावर लघवी सुटते का?