गेटवरची वही

जुलैचा दुसरा आठवडा. पाटण खोऱ्यात पावसाने आठ दिवस उसंत दिली नव्हती. पर्यवेक्षक म्हणून परिपाठाआधी गेटवर उभं राहायचं काम माझं, हातात एक लांबोडकी वही. गणवेश नसेल त्याचं नाव वहीत, तिसऱ्यांदा नाव आलं की घरी. नववीतली एक मुलगी निळ्याऐवजी जांभळा कुर्ता घालून आली. आधीच्या दोन नोंदी होत्याच. मी वहीतून मान वर न करता म्हणालो, "घरी जा, गणवेश घालून ये." ती "बरं सर" म्हणाली आणि वळली.

दुपारी तिच्या वर्गशिक्षिका माझ्या टेबलाशी आल्या. "सर, तिच्याकडे एकच जोड आहे. चुलीवरच्या दोरीवर वाळत घालतात, काल वाळला नाही." सकाळची एसटी परत गेलेली, आई रोपलावणीला, म्हणून पोरगी तेव्हापासून स्टँडवर बसून होती. आणि मला सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. त्याच सकाळी संस्थेच्या एका संचालकांचा नातू लालभडक बूट घालून माझ्यासमोरून आत गेला होता. मी ते पाहिले होते. त्याचं नाव मात्र वहीत नव्हतं.

संध्याकाळी जूनपासूनची पानं चाळली. फिरून फिरून तीच नऊ-दहा नावं, जवळजवळ सगळी वाड्यावस्त्यांवरची. जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीपर्यंत सगळ्या मुलींना समग्र शिक्षातून वर्षाला दोन गणवेश मिळतात, त्यासाठी 600 रुपये धरलेले असतात. ती मुलगी सातवी झाल्यावर आमच्या खासगी अनुदानित हायस्कुलात आली आणि तिथेच ते थांबलं. कापड, शिलाई, बूट सगळं आता घरच्यांवर. शिस्त म्हणून मी जे लिहून घेत होतो ती खरं तर कुणाकडे दुसरा जोड नाही याची यादी होती.

म्हणून गेटवर उभ्या राहणाऱ्या नव्या शिक्षकांना सांगतो, आधी विचारा, नंतर लिहा. विचारायचं ते गेटवर चारचौघांत नाही. वर्गशिक्षकाने मधल्या सुट्टीत, बाजूला घेऊन. मुलींच्या कपड्यांबद्दल बाईंनीच बोलावं. कुर्त्याची लांबी आणि ओढणी यांवर पुरुष शिक्षकाने नजर ठेवू नये, हे मला फार उशिरा सुचलं. मुलांच्या कल्ल्यांवर आपण एकदा ओरडून मोकळे होतो, मुलींच्या रिबिनींवरून मात्र रोज बोलतो, तेही तपासून पाहा.

घरी तर कुणालाच पाठवू नका. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याच्या कलम 17 मध्ये शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही मनाई आहे. मी कधी छडी उचलली नाही, म्हणून स्वतःला कायद्यात बसणारा समजत होतो.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. कापडाचा रंग नि नमुना जूनच्या आत, पालकसभेत ठरवा आणि दुकान अमुकच असा आग्रह धरू नका. गावातल्या शिंप्याने शिवलेली बाही अर्धा इंच कमी-जास्त झाली तर होऊ द्या. पावसाळ्यात चपलेला सूट द्या. भिजलेल्या कॅनव्हासच्या बुटांचा वास वर्गात आल्यावर ही सूट कुणाला पटवावी लागत नाही.

आम्ही एक कपाट केलं. दहावीची मुलं निरोप समारंभानंतर धुतलेले गणवेश आणि बूट त्यात ठेवून जातात. किल्ली शिपाई मावशींकडे, नोंद कुठेच नाही. अट एकच, गणवेशात नसलेल्या प्रत्येकाने मावशींकडेच जायचं, मग तो कुणाचाही असो.

त्या मुलीची माफी मी स्टाफरूमच्या दाराशी मागितली. "चालतंय की सर," म्हणाली. तेवढं बोलून ती निघाली, मला पुढचं वाक्य सुचेना.

लाल बूट पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा आले. या वेळी मी त्याला मावशींकडे पाठवलं. दहा मिनिटांत आजोबांचा फोन. "एवढ्याशा गोष्टीसाठी?" मी म्हटलं, "एवढीशीच आहे साहेब, म्हणून तर." पलीकडे बराच वेळ शांतता. नातू दिवसभर एक नंबर मोठ्या काळ्या बुटांत फटक फटक करत फिरला. कुणी हसलं नाही. वर्गातल्या निम्म्या मुलांचं त्याच कपाटातलं काही ना काही घालून झालं होतं.