विपश्यना फुकट, मग खर्च कशाचा?

इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रावर दहा दिवस राहणं, जेवणं, शिकणं सगळं मोफत आहे. सत्यनारायण गोयंकांच्या परंपरेतल्या कुठल्याही केंद्रावर हाच नियम, मग ते पुण्याजवळचं मरकळ असो की नागपूर. दान घेतात तेही एक शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच. म्हणजे तुमच्या ताटातली भाजी आधीच्या कुणा साधकाच्या पैशातली असते. त्यामुळे ‘जागा मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला दमडीही देऊ नका. अर्ज संकेतस्थळावर फुकट भरता येतो.

खरा खर्च रजेचा. ‘दहा दिवसांचं शिबिर’ म्हणून दहाच दिवसांची रजा टाकली तर फसाल. आदल्या दिवशी दुपारी हजर व्हायचं आणि सुटका अकराव्या दिवशी सकाळी, म्हणजे बारा दिवस मोडतात. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी रजेची तरतूद आहे, आस्थापना शाखेत विचारा. रोजावर काम करणाऱ्याची मात्र बारा दिवसांची मजुरी बुडते, आणि सगळ्यात मोठा आकडा तोच. मोबाइल सुरुवातीलाच जमा होतो. तेव्हा हप्ते, वीजबिल उरकून निघा आणि घरी केंद्राचा नंबर देऊन ठेवा.

महागडं आसन विकत घेऊ नका, ते हॉलमध्ये मिळतं. चादर, टॉर्च, सैल कपडे आणि रोजची औषधं न्या. पावसाळ्यात इगतपुरीत कपडे वाळत नाहीत, तेव्हा दोन जोड जास्तच ठेवा. जेवण सकाळी अकराला, त्यानंतर थेट पाचला चहा आणि फळं. मधुमेह असेल किंवा मानसोपचाराच्या गोळ्या चालू असतील तर अर्जात लिहाच, लपवू नका.

आणि करुणेच्या आधी गुडघे बोलू लागतात! पहिले तीन दिवस नुसता श्वास पाहायचा, चौथ्या दिवशी विपश्यना, आणि सगळ्यांचं भलं चिंतणारी मंगल मैत्री थेट दहाव्या दिवशी. सातव्या दिवशी वैतागून घरी पळालात तर नेमकी तीच राहते. शिबिरानंतर रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायचं. हा हप्ता कायमचा, आणि बहुतेकांचा थकतो तो हाच.

दान किती द्यायचं हे कुणी सांगत नाही. अंदाज हवाच असेल तर एका माणसाचा बारा दिवसांचा जेवणखर्च धरा. तेवढं झेपत नसेल तर पुढच्या एखाद्या शिबिरात धम्मसेवेला जा. स्वयंपाकघरात भाजी चिरायला माणसं लागतातच.